पगार महिन्याचा, हिशेब अकरा महिन्यांचा

मुंबईत भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा होतो. तो संपत आला की भाडं वाढतं, नाहीतर घर बदलावं लागतं. घर बदललं की नवी दलाली, वाढीव डिपॉझिट, टेम्पो, आणि जुनं डिपॉझिट हातात येण्याआधीच नवं भरायची वेळ. महिन्याचा खर्च काटेकोर लिहिणारी मुलंमुलीसुद्धा इथे उधारीवर येतात, कारण हा खर्च त्यांच्या वहीत कुठे लिहिलेलाच नसतो. म्हणून पुढचा सगळा हिशेब अकरा महिन्यांचा धरला आहे. उदाहरणासाठी सहा लाखांचं पॅकेज घेऊ, आणि कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूला तिघांत मिळून घेतलेला, ३०,००० रुपये भाड्याचा वन बीएचके. भाडं मुंबईत गल्लीगणिक बदलतं, त्यामुळे आकडे तुमचे घाला आणि पद्धत ही ठेवा.

हातात किती येणार

सहा लाख भागिले बारा म्हणजे पन्नास हजार, असं गणित करून घर शोधायला निघू नका. समजा बेसिक महिना २५,००० आहे. कंपनी पीएफमध्ये भरते तो बेसिकचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये, बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, तेही त्यातच; ते साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाहीत. वर्षाचं ३६,००० रुपये व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारा पगाराचा भाग, असेल तर महिन्याचे आणखी ३,००० बाजूला गेले. उरले सुमारे ४२,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हा कर फेब्रुवारीत ३०० असतो, वर्षाचे २,५०० होतात; २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात तो माफ आहे. हातात येतात साधारण ३९,५००. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, म्हणजे १,८००. मग हातात थोडे जास्त येतात. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला सरळ विचारा, ‘सगळं कापून खात्यात किती जमा होईल?’ आणि उत्तर ईमेलवर घ्या.

पहिला पगार कधी होणार हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. पगाराची यादी महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला बंद करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यानंतर रुजू झालात तर त्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्याच्या पगारात येतात. म्हणून गावाहून निघताना डिपॉझिटशिवाय दीड महिन्याचा खर्च जवळ हवा.

घरात पाऊल टाकायचे सत्तर हजार

आपल्या उदाहरणात डिपॉझिट १,२०,००० आहे, म्हणजे प्रत्येकी ४०,०००. दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे प्रत्येकी १०,०००. पहिल्या महिन्याचं भाडं १०,०००. करारनामा आणि नोंदणीचा वाटा हजाराच्या आत-बाहेर. गादी, बादल्या, शेगडी, पंख्याची दुरुस्ती, टेम्पो मिळून ८,००० धरा. बेरीज ६९,०००. पावणेदोन महिन्यांचा पगार घराची चावी हातात येण्याआधीच लागतो. यातले ४०,००० खर्च झालेले नाहीत, अडकलेले आहेत. वहीत ते ‘येणं’ म्हणून वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे कोणाकडून किती यायचे आहेत ते डोळ्यांसमोर राहील.

इथे पैसे बुडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

टोकन. फ्लॅट स्वतः न पाहता एक रुपयाही पाठवायचा नाही. ‘मी बाहेरगावी पोस्टिंगवर आहे, चावी वॉचमनकडे आहे, आधी टोकन टाका’ असं म्हणणारा माणूस घरमालक नसतो. घर पाहिल्यावर मालकाच्या नावाचं लाइट बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि शक्य असेल तर इंडेक्स टू, म्हणजे घर कोणाच्या नावावर नोंदलं आहे ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा, मागा. तिन्हींवरचं नाव एकच असावं, आणि डिपॉझिट त्याच नावाच्या खात्यात जावं. एजंटच्या खात्यात डिपॉझिट भरायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. रोख द्यावीच लागली तर रक्कम, तारीख आणि फ्लॅट नंबर लिहिलेली सहीची पावती त्याच क्षणी घ्या.

करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला हा अकरा महिन्यांचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. आपल्या उदाहरणात ३,३०,००० अधिक ११,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यावर अंगठे घ्यायला घरी येणारा माणूस आपली फी लावतो. ती आधी विचारा, नाहीतर दोन हजारांच्या कामाचे पाच हजार होतात. करारात तिघांचीही नावं लावा. ज्याचं नाव नाही त्याला डिपॉझिटवर बोट ठेवता येत नाही.

सही करण्यापूर्वी चार वाक्यं शोधा: लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क कोण भरणार. हे शुल्क सोसायटी मालकाकडून घेते आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर ते लावता येत नाही. भाड्याशिवाय ते तुमच्या माथी मारलं जात असेल तर भाडं ठरवतानाच बोला.

चावी मिळाली त्या दिवशी मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा. भिंतीची ओल, बेसिनखालची गळती, कपाटाचं तुटलेलं बिजागर, आणि विजेच्या मीटरवरचा आकडा इतक्या जवळून की मीटर नंबरही वाचता आला पाहिजे. तो व्हिडिओ मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना ओल कोणाच्या काळातली यावर वाद होतो, आणि तेव्हा या दीड मिनिटाच्या व्हिडिओची किंमत कळते.

हेवी डिपॉझिटचा पर्यायही कानावर येईल: सात-आठ लाख एकदम द्या, भाडं नाही किंवा नाममात्र. भाडं वाचतं, पण सगळी रक्कम एका माणसाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. त्याने ती दुसरीकडे गुंतवली किंवा फ्लॅटवरचे कर्जाचे हप्ते थकवले तर तुम्ही घरात अडकता आणि पैसे त्याच्याकडे. आईवडिलांची पुंजी यात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पगाराच्या दिवशी वाटणी

तीन खाती ठेवा. पगार जमा होतो ते एक, रोजच्या खर्चाचं दुसरं, ठेवीचं तिसरं. यूपीआय फक्त खर्चाच्या खात्याला जोडा. हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं, कारण क्यूआर कोड स्कॅन करताना मागे किती पैसे आहेत हे माणसाला जाणवत नाही. खात्यात ३,००० दिसत असतील तर हात आपोआप आवरतो.

आपल्या ३९,५०० ची वाटणी अशी. भाडं १०,०००. वीज, गॅस, वायफाय आणि कामाच्या मावशींचा वाटा २,२००. जेवण ८,०००: सकाळचा पोळी-भाजीचा डबा, घरचा किराणा, बाहेरचं मिळून. प्रवास १,८००. मोबाइल ४००. घरी पाठवायचे ५,०००. इथवर २७,४००. मग ४,००० अकरामाही खर्चासाठी, ४,००० अडीनडीसाठी. उरलेले ४,१०० तुमचे. त्याचा हिशेब कोणाला द्यायची गरज नाही, स्वतःलाही नाही. भाडं आणि दोन्ही चार हजार पगार झाला त्याच दिवशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने, म्हणजे बँकेला एकदाच देऊन ठेवलेल्या सूचनेने, आपोआप निघून गेले पाहिजेत. ‘महिनाअखेरीस उरेल ते टाकू’ असं म्हटलं की काही उरत नाही.

अकरामाही ४,००० कशाचे? पुढची दलाली १०,०००, डिपॉझिटमधली वाढ ५,०००, टेम्पोचा वाटा ४,०००, गणपतीला गावी जाणं आणि दिवाळी मिळून १२,०००, आरोग्य विम्याचा हप्ता ७,०००, मोबाइल-लॅपटॉपची दुरुस्ती ४,०००, पावसाळी बूट, छत्री आणि जूनमधलं आजारपण २,०००. बेरीज ४४,०००, भागिले अकरा. हा तक्ता बनवताना मागच्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवा आणि सण, लग्नं, वाढदिवस महिन्यावर लिहा. गणपतीचं रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ते पैसे सणाच्या दोन महिने आधी लागतात. हे ध्यानात न घेतल्यामुळेच लोक ऐनवेळी खासगी बसला दुप्पट-तिप्पट मोजतात.

जेवण, तुमचे मोकळे पैसे आणि पास वगळून उरलेला प्रवासखर्च मिळून महिन्याला साडेतेरा हजारांच्या घरात जातात. ते एकदम खर्चाच्या खात्यात टाकू नका. दर सोमवारी ३,१०० टाका. शनिवारी खातं रिकामं झालं तर रविवारी घरी खिचडी होते, एवढंच नुकसान. पूर्ण महिन्याचे पैसे एकदम टाकले तर ते विसाव्या तारखेला संपतात, आणि मग दहा दिवस क्रेडिट कार्डावर निघतात.

प्रवास, वीज, रूममेट

लोकलचा तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट दराने मिळतो, म्हणजे १० टक्के वाचतात. पण आधी ऑफिसचे दिवस मोजा. आठवड्यात दोनच दिवस जायचं असेल तर मासिक पासाच्या किमतीला परतीच्या तिकिटाच्या किमतीने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमचे दिवस कमी असतील तर पास काढू नका. खरी गळती स्टेशनपासून घरापर्यंतची. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. रोज जाऊन-येऊन, महिन्याचे २४ दिवस, १,२४८ रुपये होतात. तेवढ्याच अंतराला बेस्टच्या साध्या बसचे किमान भाड्याने ४८० होतात. घर निवडताना स्टेशनपासून चालत बारा मिनिटं की रिक्षाने दहा, हा फरक भाड्यात मिळवून पाहा. ७०० रुपयांनी स्वस्त घर मग स्वस्त राहत नाही.

विजेचे दर टप्प्यांनी चढतात. १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर जास्त, ३०० च्या वर आणखी जास्त. मे महिन्यात एसी लावणाऱ्याच्या खोलीमुळे तिघांचं बिल वरच्या टप्प्यात जातं आणि भांडण होतं. एसी कोणाच्या खोलीत आहे हे पाहून बिलाची वाटणी आधीच ठरवा. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. ज्या महिन्यात येत नाही त्या महिन्यातही वाटा काढून ठेवा.

रूममेटपैकी एकाने भाडं पुढे पाठवायचं असेल तर बाकीच्यांचे पैसे त्याच्याकडे पाच तारखेच्या आत जायला हवेत. मधेच कोणी सोडून गेला तर त्याच्या जागी येणारा नवा रूममेट जाणाऱ्याला ४०,००० देतो आणि मालकाला तसं लेखी कळवलं जातं. तिघांनी राहायला येतानाच हे ठरवून ग्रुपवर लिहून ठेवा. मैत्री टिकवण्यासाठी लिहून ठेवावं लागतं, त्यात संकोच नको.

अडीनडीचा पैसा कुठे ठेवावा

लक्ष्य तीन महिन्यांचा आवश्यक खर्च, इथे सुमारे ८२,०००. महिन्याला ४,००० टाकले तर अकरा महिन्यांत ४४,००० होतात; वर्षाचं व्हेरिएबल ३६,००० मिळालं आणि तेही इथेच टाकलं तर पहिल्याच वर्षात तुम्ही ८०,००० वर पोचता. पैसा बँकेच्या बचत खात्यात किंवा स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा आपोआप मोडणारी मुदत ठेव) ठेवा, म्हणजे रात्री अकराला हॉस्पिटलच्या काउंटरवरूनही काढता येईल. शेअर बाजारात नाही, भिशीतही नाही. भिशी ओळखीवर चालते, आणि नंबर लागेपर्यंत आपलेच पैसे आपल्याला मिळत नाहीत.

बँकेतल्या ठेवींवर प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते आणि विमा १ लाखाचाच होता. तो फेब्रुवारी २०२० मध्ये वाढला. म्हणून पगाराचं आणि ठेवीचं खातं दोन वेगळ्या बँकांत असावं. एक अडकली तर भाडं दुसरीतून जाईल. नोकरी बदललीत की जुनं पगार खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड लागू शकतो. वापर नसेल तर ते बंद करा. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच व्यवहार मोफत असतात, त्यापुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत अधिक कर.

कार्ड, कर्ज, आमिष

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. दुसऱ्याकडे पाहायचंच नाही. २०,००० च्या बिलावर किमान देय १,००० भरलं तर उरलेल्या १९,००० वर महिना ३.५ टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे ७८५. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘एकूण देय’ रकमेचं ऑटो-पे लावा. कार्डावरून रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज आणि वर फी. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवला तर सिबिल स्कोअरही, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुणही, चांगला राहतो, आणि पुढे घरकर्जाला तोच कामाला येतो.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने मोबाइलमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागितले तर तिथेच थांबा. वसुलीच्या वेळी हेच कॉन्टॅक्ट वापरून नातेवाइकांना फोन जातात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जणांना तोटा झाल्याचं दिसलं. ऑफिसमधला सहकारी नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवतो तेव्हा हा आकडा आठवावा. आठवड्याला ठरावीक टक्के परतावा देऊ म्हणणाऱ्या योजनाही तशाच. दादरच्या टोरेस प्रकरणात आमिष आठवड्याच्या परताव्याचंच होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पैसे थांबल्यावर लोक दुकानासमोर उभे राहिले.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

विमा आणि कर

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि दोन नोकऱ्यांमधल्या महिन्यातच ताप यायचा असतो. स्वतःची ५ लाखांची पॉलिसी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे का ते आधी पाहा: ती असली आणि तुम्ही महागडी खोली घेतली तर बिलातले इतर बरेच खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. बँकेतून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २० रुपयांत वर्षभर २ लाखांचा अपघात विमा देते; लोकलने फिरणाऱ्याने ती घ्यावीच. हप्ता मेअखेर-जूनच्या सुरुवातीला खात्यातून आपोआप जातो, तेव्हा शिल्लक हवी.

ओळखीचे काका बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी घेऊन येतील. वीस वर्षांचा हप्ता बांधून घेण्याचं हे वय नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत सोडली तर भरलेल्यातला मोठा भाग जातो. ‘आधी अडीनडीचे पैसे जमवतोय, काका’ एवढंच सांगा. ते खरंही असतं.

कराचं सध्या सोपं आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे आपल्या उदाहरणात कर शून्य. तरी रिटर्न भरा. व्हिसा आणि कर्जाला तीन वर्षांचे रिटर्न मागतात. नोकरी बदलताना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर) नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागू शकतो.

दहावा महिना

करार संपायच्या साठ दिवस आधी मालकाला विचारा: पुढे ठेवायचं का, भाडं किती. एजंट नूतनीकरणाची दलाली मागेल. ती द्यायची की नाही हे करारात लिहिलेलं नसेल तर बोलून कमी होते. सोडायचं ठरलं तर नोटीस ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, तारीख घालून द्या. मुदत संपल्यावर कराराशिवाय राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने पैसे मागू शकतो. ‘शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू’ असं दोघांनी लेखी ठरवलं तर परत मिळवायची रक्कम तेवढीच कमी राहते.

शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो, गॅसचं शेवटचं बिल, वायफायचा राउटर परत केल्याची पावती, आणि पहिल्या दिवशीचा व्हिडिओ मोबाइलवर उघडा ठेवून मालकाबरोबर खोल्या फिरा. कापणी जी असेल ती कशाची आणि किती, हे कागदावर लिहून घ्या. उरलेली रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मगच चाव्या हातात द्या, आणि तुमचे ४०,००० त्याच दिवशी ठेवीच्या खात्यात वळवा. नव्या घरमालकाला पैसे तिथूनच जायचे आहेत.